कापणी आणि पेरणी यांच्यामधले वीस दिवस

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पंजाबच्या संगरूर, मानसा, बठिंडा या पट्ट्यात भाताची कापणी ऐन भरात असते. कंबाइन हार्वेस्टर एकरभर शेत तासाभरात रिकामं करतो. दाणा ट्रॉलीत जातो, ट्रॉली मंडीत जाते. शेतात उरतात फूट-दीड फूट उंचीची उभी धसकटं आणि यंत्राच्या मागे ओळीने पडलेला मोकळा पेंढा. एकरी हा ऐवज दोन-अडीच टनांचा असतो. त्याच शेतात नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत गहू पेरला जायला हवा. म्हणजे हातात दिवस पंधरा, फार तर वीस.

पंजाबीत या पेंढ्याला पराली म्हणतात. दिल्लीचं आकाश काळवंडलं की हा शब्द मराठी वर्तमानपत्रांतही येतो आणि धुकं निवळलं की नाहीसा होतो. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र धूर नाही. धूर ही या गोष्टीची शेवटची पायरी आहे. कापणी आणि पेरणी यांच्यामधले ते वीस दिवस, ते इतके कमी कसे झाले, कोणी केले आणि ते वाढवायचे कसे, हा विषय आहे. पंजाबच्या शेतकऱ्याला आपल्या मातीचं नुकसान कळत नाही, असं समजून आखलेल्या उपायांवर देशाने बरीच वर्षं घालवली. त्याला ते चांगलं कळतं. त्याच्याकडे वेळ नसतो.

भात हे पंजाबचं जुनं पीक नव्हे. 1960-61 साली त्या राज्यात भाताखाली जेमतेम सव्वादोन लाख हेक्टर जमीन होती. आज हा आकडा 30 लाखांच्या वर आहे. पंजाबी घरात रोजचं जेवण गव्हाच्या रोटीचं. भात पिकला तो देशाच्या कोठारासाठी. साठच्या दशकातल्या टंचाईनंतर केंद्राने हमीभाव दिला, खरेदीची खात्री दिली. पुढे राज्याने शेतीपंपाची वीज मोफत केली. खात्रीने विकलं जाणारं पीक आणि फुकट उपसता येणारं पाणी समोर असताना मका, कापूस, कडधान्यं मागे पडली, यात नवल काहीच नाही. देशभरातल्या रेशन दुकानांवरचा तांदूळ ज्यांनी पिकवला, त्यांच्यात हा शेतकरी अग्रभागी आहे, हे त्याच्या आगीबद्दल बोलताना विसरता कामा नये.

इतक्या क्षेत्रावरची कापणी हाताने होणं शक्यच नव्हतं. उत्तर प्रदेश-बिहारातून येणारे मजूर अपुरे पडू लागले, मजुरी वाढली आणि हार्वेस्टर आला. विळा भात जमिनीलगत कापतो आणि पेंढा भाऱ्यात बांधून बाजूला जातो. हार्वेस्टरला फक्त लोंब्यांशी मतलब असतो. तो वरून कापतो, दाणा काढून घेतो आणि काड मागे टाकतो. यंत्राने कापणीचा खर्च वाचवला आणि पेंढा गोळा करण्याचं काम शेतकऱ्याच्या गळ्यात मारलं. त्यात या पेंढ्याला गिऱ्हाईक नाही. भाताच्या काडात सिलिका भरपूर असते. पंजाबातली जनावरं गव्हाच्या भुशावर, तिथल्या तूडीवर वाढलेली. घरात तूडीचा साठा असताना भाताच्या खरबरीत काडाकडे कोण पाहणार?

जिथे गिऱ्हाईक आहे, तिथे आग दिसत नाही. पठाणकोट जिल्ह्यात या आगी नगण्य असतात, कारण तिथले गुज्जर पशुपालक पेंढा जनावरांसाठी उचलून नेतात. बासमतीचं पीकही बऱ्याच ठिकाणी हाताने कापलं जातं आणि त्याचा पेंढा गुरं खातात. एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली, एका जिल्ह्यात पेंढा पेटतो आणि दुसऱ्यात विकला जातो. शेतकऱ्याच्या सुबुद्धीवर व्याख्यानं देण्याआधी हा फरक नीट पाहायला हवा.

आता 2009 साल. मोफत विजेवर चालणाऱ्या लाखो पंपांनी पंजाबचं भूजल खोल नेलं होतं. मे महिन्याच्या रखरखत्या उन्हात लावणी करून शेतात पाणी उभं ठेवलं की मोठा भाग वाफ होऊन जातो. म्हणून राज्याने भूजल संरक्षणाचा कायदा केला: 10 मे पूर्वी रोपवाटिका टाकायची नाही आणि 10 जूनपूर्वी लावणी करायची नाही. हरियाणानेही त्याच वर्षी असाच कायदा केला. पुढे लावणीची तारीख 15 जून आणि 2018 मध्ये 20 जूनपर्यंत सरकली. हेतू रास्त होता. पण लावणी उशिरा, म्हणून कापणीही उशिरा. गव्हाच्या पेरणीची वेळ मात्र हवामान ठरवतं; ती कोणत्याही विधानसभेच्या हातात नसते. गहू उशिरा पेरला तर दाणा भरायच्या वेळी मार्चचं ऊन गाठतं. 2022 च्या मार्चमध्ये हे ऊन वेळेआधी आलं, उत्पादन घटलं आणि मे महिन्यात केंद्राला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. एका बाजूने लावणीची तारीख ढकलली गेली, दुसऱ्या बाजूला गव्हाची वेळ जागची हलेना. मधले दिवस चेपले गेले.

याचा दुसरा परिणाम कायदा करताना कोणाच्या डोळ्यांपुढे नसावा. आगी ऑक्टोबरकडून नोव्हेंबरकडे सरकल्या आणि थोड्या दिवसांत दाटल्या. नोव्हेंबरात उत्तर भारतातला वारा मंदावतो, जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही आणि धूर तिथेच कोंडतो. 2019 साली ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकातल्या एका अभ्यासाने या सरकण्यामुळे हवेतल्या सूक्ष्म कणांचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी वाढल्याचं मांडलं. पाणी वाचवण्याच्या कायद्याने हवा बिघडवली. पाण्याचं खातं आणि हवेचं खातं, दोन्ही आपापल्या जागी बरोबर होती, आणि दोघांच्या निर्णयांचा भार एकाच शेतकऱ्यावर पडला.

त्यातच बियाण्याची निवड होती. 1993 मध्ये प्रसारित झालेला पूसा-44 हा वाण पंजाबात फार लोकप्रिय झाला, कारण उतारा भरघोस. पण तो पक्व व्हायला 155 ते 160 दिवस घेतो. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने काढलेला पीआर-126 हा वाण पेरणीपासून सुमारे 123 दिवसांत तयार होतो. दोन वाणांतला फरक महिन्याभराचा! पाणीही वाचतं आणि कापणी-पेरणीमध्ये मोकळे दिवसही मिळतात. या सगळ्या प्रकरणात सर्वांत स्वस्त, सर्वांत शांत आणि सर्वांत कमी चर्चा झालेला उपाय हाच आहे. यंत्राला अनुदान लागतं, कारखान्याला जमीन लागते. वाण बदलायला पिशवीभर बियाणं पुरतं. पंजाब सरकारने पूसा-44 वर बंदी घातली ती 2024 च्या खरिपापासून. हे दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं, असं स्पष्ट म्हणणं भाग आहे.

आगीत नेमकं जातं काय? एक टन भातपेंढ्यात साधारण साडेपाच किलो नत्र, सव्वादोन किलो स्फुरद, 25 किलो पालाश आणि किलोभर गंधक असतं. हे सगळंच जळून जातं असं सांगण्याची पद्धत आहे, पण ते पूर्ण खरं नाही. नत्र जवळजवळ सगळं जातं, गंधकाचा मोठा वाटा जातो. पालाश बऱ्याच अंशी राखेत उरतो. खरी हानी सेंद्रिय कर्बाची. पंजाबात दरवर्षी सुमारे दोन कोटी टन भातपेंढा निघतो. तो मातीत राहिला असता तर वर्षानुवर्षं युरियावर चाललेल्या जमिनीला काही खायला मिळालं असतं.

धुराचा हिशेब ठेवण्याचं काम एका मराठी शहरातल्या संस्थेकडे आहे. पुण्याच्या पाषाण भागातली भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था दिल्लीच्या हवेत पेंढ्याच्या धुराचा वाटा किती, याचे रोजचे अंदाज देत आली आहे. हा वाटा दिवसागणिक बदलतो. वाऱ्याची दिशा प्रतिकूल असली की नोव्हेंबरातल्या काही दिवशी तो 40 टक्क्यांपुढे गेला आहे. वारा फिरला की तो दोन-चार टक्क्यांवर येतो. डिसेंबर-जानेवारीत, आगी विझल्यावरही, दिल्लीची हवा वाईटच असते. तेव्हा वाहनं, बांधकामाची धूळ, वीजकेंद्रं, कचरा यांच्याकडे बोट दाखवावं लागतं. शिवाय त्या धुराचा पहिला घास दिल्लीकर घेत नाही. तो घेतात पेटलेल्या बांधापासून हाकेच्या अंतरावर राहणारी माणसं, त्यांची मुलं, म्हातारी माणसं. त्यांच्या खोकल्याची मोजणी दूरदर्शनच्या पडद्यावर येत नाही.

शासनाने आधी दंड आजमावला. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दोन एकरांपर्यंत 2,500, पाच एकरांपर्यंत 5,000 आणि त्यापुढे 15,000 रुपये दंड ठरवून दिला. 2024 च्या नोव्हेंबरात या रकमा दुप्पट झाल्या. जमिनीच्या नोंदीवर लाल शेरा मारणं, गुन्हे नोंदवणं हेही झालं. दिल्लीच्या सीमांवर 2020-21 मध्ये बसलेल्या शेतकऱ्यांच्या मागण्यांत पेंढा जाळण्याबद्दलची शिक्षा रद्द करा, ही एक मागणी होती. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये दुसरी दिशा दाखवली: न जाळणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांना क्विंटलमागे 100 रुपये द्या. पेंढा हाताळण्याला खर्च येतो आणि तो कोणीतरी सोसावा लागतो, हे एवढ्या वरच्या पातळीवर मान्य झालं, याला मोल आहे. अंमलबजावणी मात्र तोकडी पडली.

यंत्रांची कहाणी अधिक आशादायक आहे. ऑस्ट्रेलियाच्या साहाय्याने लुधियानाच्या विद्यापीठात 2000 नंतरच्या दशकात ‘हॅपी सीडर’ आकाराला आला. ट्रॅक्टरमागे जोडलेलं हे यंत्र उभी धसकटं आणि पेंढा पात्यांनी कापून उचलतं, खालच्या उघड्या पट्टीत गव्हाचं बी पेरतं आणि पेंढा पुन्हा वर पसरतं. नांगरणी नाही, जाळणी नाही; पेंढ्याचं आच्छादन ओल धरून ठेवतं, तण दाबतं. अट एक: हार्वेस्टरने पेंढा ओळीत न टाकता शेतभर सारखा पसरवलेला हवा. त्यासाठी हार्वेस्टरला मागे जोडायचं ‘सुपर एसएमएस’ नावाचं साधन निघालं. 2018 पासून केंद्राने या यंत्रांना वैयक्तिक शेतकऱ्यासाठी 50 आणि गटांसाठी व भाडेकेंद्रांसाठी 80 टक्के अनुदान दिलं.

मग सगळ्यांनी ते का वापरलं नाही? यंत्र ओढायला दणकट ट्रॅक्टर लागतो आणि तो प्रत्येकाकडे नाही. सकाळी दवाने पेंढा ओला असला की यंत्र अडकतं, म्हणजे दिवसाचे कामाचे तास कमी. वर्षातून तीन-चार आठवडे चालणारं यंत्र उरलेले अकरा महिने उभं राहतं. आणि गावातल्या सगळ्यांना ते त्याच वीस दिवसांत हवं असतं. आच्छादनाखाली उंदीर आणि खोडकिडा वाढल्याची तक्रारही शेतकरी करतात, आणि ती खोटी नाही. दिल्लीच्या पूसा कृषी संशोधन संस्थेच्या बुरशीयुक्त द्रावणाचंही असंच. चार कॅप्सूलपासून बनवलेलं ते द्रावण फवारलं की पेंढा कुजतो, पण त्याला तीनेक आठवडे लागतात. ज्याच्याकडे तीन आठवडे नाहीत त्याला ते देऊन काय उपयोग?

तरीही आकडे उतरले आहेत. 15 सप्टेंबर ते 30 नोव्हेंबर या काळात उपग्रहांनी पंजाबात टिपलेल्या आगी 2021 मध्ये 71,304 होत्या; 2022 मध्ये 49,922; 2023 मध्ये 36,663; आणि 2024 मध्ये 10,909. ही घट मोठी आहे आणि तिच्यामागे अनेकांचे कष्ट आहेत. पण ती डोळे मिटून स्वीकारण्याजोगी नाही. या मोजणीत वापरले जाणारे उपग्रह भारतावरून दुपारी दीड-दोनच्या सुमारास जातात. शेतकरी दुपार टळल्यावर पेटवू लागले आहेत, असा इशारा नासातले शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी 2024 मध्ये दिला; एकाच जागी स्थिर राहून दिवसभर पाहणाऱ्या कोरियाच्या उपग्रहाच्या चित्रांत संध्याकाळचा धूर दिसत होता. त्याच वर्षी मध्य प्रदेशातल्या आगींची संख्या पंजाबपेक्षा अधिक भरली. म्हणजे प्रश्न दक्षिणेकडे सरकत आहे. मध्य प्रदेशाच्या खाली कोण आहे, हे या सभागृहात सांगायला नको.

पेंढा शेताबाहेर नेण्याचा मार्गही उघडला आहे. पानिपतला ऑगस्ट 2022 मध्ये इंडियन ऑइलचा पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा प्रकल्प सुरू झाला. वर्षाला दोन लाख टन पेंढा आणि तीन कोटी लिटर इथेनॉल ही त्याची क्षमता. संगरूर जिल्ह्यात लहरागागा इथे पेंढ्यापासून वायू बनवणारा प्रकल्प उभा राहिला. चांगलं आहे. पण पंजाबच्या दोन कोटी टनांपुढे दोन लाख टन ठेवून पाहावेत. गाठी बांधणारा बेलरही त्याच वीस दिवसांत यावा लागतो, आणि बांधलेल्या गाठी वर्षभर ठेवायला जागा लागते, ती आगीपासून राखावी लागते. बाहेर नेता येईल तेवढा न्यावा. बाकीचा शेतातच जिरवावा लागेल.

महाराष्ट्राकडे वळताना आधी कोकण. तिथे पेंढ्याला कधीच जागेचा तोटा झाला नाही. विळ्याने कापलेलं भात, वाळत घातलेली कडपं, खळ्यावरची झोडणी आणि मग पेंढ्याची उडवी. गुरांना वैरण, घराला शाकारणी, हापूसची अढी घालायला आणि पेटीत आंबे बसवायला पेंढाच. भातानंतर उरल्या ओलीवर वाल पेरला तर पेरला. गव्हाची घाई नाही.

पण कोकणातही आग होती, ती रोपवाटिकेत. उन्हाळ्यात शेण, पातेरा, झाडांच्या फांद्या पसरून जमीन भाजायची आणि तिथे बी टाकायचं, हा राब. तणाचं बी मरतं, रोप जोमदार येतं. या राबावरून एकोणिसाव्या शतकात ठाणे-कुलाब्याचे शेतकरी आणि इंग्रजांचं जंगल खातं यांच्यात मोठा तंटा झाला. झाडांच्या फांद्या तोडायला बंदी आली, शेतकऱ्यांनी तक्रारी केल्या, मुंबई फॉरेस्ट कमिशन बसलं आणि 1887 मध्ये त्याचा अहवाल आला. कृषिरसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांनी 1893 च्या आपल्या अहवालातही राबाची दखल घेतली. शेतकऱ्याच्या आगीवर सरकारने डोळे वटारण्याचा इतिहास आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि बंदीने राब थांबला नाही.

राबाला सकस पर्याय एका मराठी मृदाशास्त्रज्ञाने दिला. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीतलं पहिलंच सूत्र भाताच्या अवशेषांचा फेरवापर हे आहे. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची, आणि पहिल्या नांगरणीच्या वेळी हेक्टरी दोन टन पेंढा मातीत गाडायचा. त्यानंतर गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या. राखेत आणि पेंढ्यात असते ती सिलिका. भाताचं रोप तिने कणखर होतं, किडीला सहज बळी पडत नाही. पंजाबात ज्या सिलिकेमुळे गुरं पेंढ्याला तोंड लावत नाहीत, तीच भाताच्या पुढच्या पिकाची गरज आहे. पेंढ्याची खरी जागा भाताच्याच शेतात आहे, हे या शास्त्रज्ञाने कोणत्याही धुराची वाट न पाहता सांगून ठेवलं. त्यांचं नाव कृषी महाविद्यालयांबाहेर फारसं कोणाला ठाऊक नाही, याचं वाईट वाटतं.

रायगड जिल्ह्यात नेरळजवळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी त्यापुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या पद्धतीत चिखलणी नाही, लावणी नाही. एकदा गादीवाफे केले की ते मोडायचे नाहीत. लोखंडी साच्याने भोकं पाडून बी टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची आणि त्याच वाफ्यांवर पुढचं पीक टोकायचं. मशागतीचे दिवस वाचतात, मातीत गांडुळं परततात. अडचण एकच, पण दुर्लक्ष करण्याजोगी नाही: धसकटं पुन्हा फुटू नयेत आणि तण आटोक्यात राहावं म्हणून ही पद्धत तणनाशकावर टेकते. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्राने 2022 मध्ये निर्बंध आणले. या टेकूला पर्याय शोधणं हे कृषी विद्यापीठांचं तातडीचं काम आहे.

आणि आता विदर्भ. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा धानाचा मुलूख. इथे पेंढ्याला तणस म्हणतात आणि तणसाचे ढीग घरामागे असणं ही घराची श्रीमंती होती. या मुलखात एक जुनी रीत आहे, उतेऱ्याची. धान उभं असतानाच, कापणीच्या पंधरवडाभर आधी, शेतातल्या ओलीवर लाखोळी किंवा जवस फेकून द्यायचं. धान कापायला लोक उतरतात तेव्हा पायाशी पुढचं पीक उगवलेलं असतं. ज्या वीस दिवसांसाठी पंजाबने कोट्यवधी रुपयांची यंत्रं आणली, ते दिवस विदर्भातल्या शेतकऱ्याने मुळात लागूच दिले नाहीत.  

पण हार्वेस्टर विदर्भातही पोचला आहे आणि पाण्याची सोय झाली तिथे उन्हाळी धानही वाढतं आहे. खरिपाचं धान निघालं की उन्हाळी रोवणीची तयारी. मधले दिवस इथेही कमी होऊ लागले आहेत. यंत्राने विखुरलेलं तणस गोळा होत नाही, बैलजोड्या कमी झाल्याने त्याची गरजही घटली आहे, आणि उभ्या धानातल्या कोवळ्या लाखोळीवरून हार्वेस्टरची चाकं जातात. पंजाबात हे पूर्ण घडायला तीस वर्षं लागली. विदर्भात ते अजून अर्ध्यावर आहे, म्हणून आत्ता करता येण्याजोग्या गोष्टी नेमक्या सांगता येतात: पेंढा पसरवणारं साधन जोडल्याशिवाय भाडोत्री हार्वेस्टरला जिल्ह्यात काम देऊ नये, छोट्या शेतांसाठी जमिनीलगत कापणारे रीपर गटांकडे द्यावेत, म्हणजे तणस हाती लागेल आणि उतेराही वाचेल, कमी दिवसांचे वाण खरेदी केंद्रांवर अडवले जाणार नाहीत याची हमी द्यावी, आणि धानाच्या बोनसचा एक वाटा न जाळणाऱ्याच्या खात्यावर, पेरणी होण्याआधी जमा व्हावा. पंजाबच्या शेतकऱ्याला त्याच्या 100 रुपयांची वाट पाहावी लागली. गोंदियाच्या शेतकऱ्याला ते पैसे ट्रॅक्टरच्या डिझेलसाठी नोव्हेंबरातच लागतील.